थंडी सरताना लहान तळ्यात गळ कुठे टाकावा?

पारोळ्याकडच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. नोकरी पुण्यात, शनिवार-रविवारी गावी. अमेरिकेतले बास मासेमारीचे व्हिडिओ बघून त्याने सात फुटी रॉड, रील, रबरी बेडूक अशी सगळी सामग्री घेतली. थंडी सरू लागली की लहान तळ्यातला मासा उथळ पाण्यात येतो, असं त्या व्हिडिओत सांगतात. म्हणून जानेवारीतले तीन रविवार आणि फेब्रुवारीचा पहिला रविवार तो गावच्या पाझर तलावाच्या उथळ टोकाला पहाटे सहापासून उभा राहिला. दोरी एकदाही हलली नाही. गावातले पोरं म्हणतात तलावात मरळ आहे. मग चुकतंय कुठे?

भाऊ, मरळ असणार. तुमची वेळ चुकली, काठ चुकला आणि महिनाही थोडा चुकला. व्हिडिओतला माणूस मात्र खोटं बोलत नव्हता. तो त्याच्या तळ्याबद्दल बोलत होता.

आधी नावाचा घोळ मिटवू. व्हिडिओतला मासा म्हणजे लार्जमाउथ बास, उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी. आपल्याकडे हॉटेलात ‘बासा’ म्हणून जे बिनकाट्याचं मांस ताटात येतं, तो पंगास जातीचा मासा, त्याचा याच्याशी संबंध नाही. कोकणातल्या जिताड्यालाही इंग्रजीत सी बास म्हणतात, तोही वेगळा. आपल्या तळ्यांत बास नाही. त्याच्या जागी आपल्याकडे मरळ आहे: झाडोऱ्यात दबा धरून बसणारी, पाण्यावरच्या बेडकावर झडप घालणारी, पिल्लं राखणारी. म्हणून बासचा रबरी बेडूक मरळीलाही चालतो. इथवर तुमची खरेदी वाया गेलेली नाही.

फरक आहे तो कॅलेंडरमध्ये. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फ वितळून पाणी दहा अंशांच्या वर सरकलं की बास खोल पाण्यातून काठाकडे येऊ लागतो. पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान नर उथळात शेपटीने तळ साफ करून गोल घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करतो. हे दक्षिणेकडच्या राज्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये घडतं, उत्तरेकडे मे उजाडतो. घरट्याआधीच्या त्या काही आठवड्यांत मासा भुकेला आणि काठाजवळ असतो, म्हणून त्या काळाचं एवढं कौतुक. लहान पाणी लवकर तापतं, म्हणून तिथे हा मोसम आधी सुरू होतो. लहान पाण्याला कमीही लेखू नये. बासचा जुना विक्रम, दहा किलोंच्या थोडा वरचा मासा, १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या एका साध्या तळ्यात लागला होता. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं, तीही जपानमधल्या बिवा सरोवरात.

आता आपलं पाणी बघा. मी मत्स्यटाकीच्या दुकानातून आणलेला साधा थर्मामीटर दोरीला बांधून वापरतो. हातभर खोल सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं. जानेवारीच्या कडाक्यात पहाटे आमच्याकडच्या लहान तलावात सतरा-अठरा अंश भरतात. म्हणजे आपलं सगळ्यात गार पाणी हे बासच्या ऐन घरट्याच्या मोसमाचं पाणी! पण मरळ उष्ण पाण्याची. वीसच्या खाली ती बसून राहते, नाकासमोरून आमिष गेलं तरी मान वळवत नाही. बावीस-तेवीसला तिच्यात जीव येतो. आणि पिल्लांचं म्हणाल तर आपल्याकडे तिचा मुख्य काळ पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळ्यात. फेब्रुवारीची मरळ घरट्यासाठी काठाला येत नाही. ती ऊब आणि खाणं शोधत येते, तेही दिवसातले चार-पाच तास.

आमच्या गावचा एक म्हातारा भोई होता. माघात कोणी गळ घेऊन निघालं की तो म्हणायचा, “पानी अजून उठनं नही.” मी तेव्हा हसायचो. पुढे थर्मामीटर हातात आल्यावर कळलं की म्हातारा पायाच्या पोटरीने पाण्याची ऊबच मोजत होता. लोकही ते वेगळ्या शब्दांत सांगतातच: महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, आणि होळी जळाली की थंडी पळाली. या दोन सणांच्या मधले दिवस, आठवडाभर अलीकडे-पलीकडे धरून, हा लहान तळ्यांचा आपला वसंत. तुम्ही त्याच्या आधीच चार रविवार खर्च केलेत.

वेळेचं सोपं आहे. फेब्रुवारीत पहाटे जाऊ नका. अकरानंतर निघा, दुपारी चारपर्यंत बसा. रात्रीत गार झालेलं वरचं पाणी ऊन खाऊन तापायला तेवढा वेळ लागतोच. मार्च अर्धा सरला, पारा छत्तीसच्या पुढे गेला की हेच उलटं करायचं: सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी उन्हं कलल्यावर. पहाटे शेवाळ-झाडोऱ्याच्या तळ्यात कटला-रोहू पाण्यावर तोंड काढून आ वासताना दिसले तर हुरळून जाऊ नका. रात्रभरात पाण्यातला प्राणवायू उतरलेला असतो, ते श्वासासाठी वर आलेले असतात, भुकेने नव्हे. मरळीचं तसं नाही. तिला हवेतूनच श्वास घेण्याची सोय आहे आणि थोड्या थोड्या वेळाने वर यावंच लागतं. शांत पाण्यावर एकाच जागी ‘गुळुक’ होऊन वर्तुळ उठलं की समजा, बाई घरी आहेत. गळ टाकण्याआधी मी अर्धा तास नुसता ही वर्तुळं मोजत बसतो. नव्या पोरांना तेवढा धीर नसतो, आणि त्यांच्यात व माझ्यात फरक असलाच तर एवढाच आहे.

आता काठ. हे नीट वाचा, कारण हे तुम्हाला त्या व्हिडिओत मिळणार नाही.

तिकडे सांगतात, उत्तर काठावर जा. कारण खरं आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तर काठाला दिवसभर ऊन मिळतं आणि उत्तरेचा गार वारा तिथे अडतो. आपल्याकडेही फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेलाच असतो, तेव्हा नियम लागू आहे. पण खान्देशात उत्तर काठ म्हणजे तलावाचा कुठला भाग, हे तापीच्या कुठल्या बाजूला तुम्ही उभे आहात त्यावर ठरतं. यावल-रावेर-चोपड्याकडे सातपुड्यातून उतरणारं पाणी, सुकी, मोर, अनेर वगैरे नद्या, ढोबळमानाने दक्षिणेकडे तापीला जातं. म्हणजे तिथल्या तलावाचा बांध दक्षिणेला आणि उथळ शेपूट उत्तरेला. तिथे व्हिडिओतला सल्ला जसाच्या तसा चालतो: शेपटाकडे जा, उथळात ऊन आहे, मागे डोंगराची आड आहे. तापीच्या दक्षिणेला, तुमच्या पारोळा-अमळनेरच्या पट्ट्यात, बोरी नदीसारखं पाणी दक्षिणेकडून उत्तरेला तापीकडे वाहतं. तिथे बांध उत्तरेला. त्याचा पाण्याकडचा दगडी उतार दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खातो. काळा बेसाल्ट दुपारी हात ठेववत नाही इतका तापतो, आणि त्याच्या पायथ्याशी तलावाचं सगळ्यात खोल पाणी. मासा रात्री खाली आणि दुपारी दगडांच्या कडेला, मध्ये दहा-पंधरा हातांचं अंतर. याहून सोयीची जागा मरळीला कुठली? तुम्ही मात्र तिच्या अगदी उलट टोकाला, दक्षिणेच्या शेपटाला पहाटे कुडकुडत होतात.

प्रत्येक नाला सरळ वाहत नाही, वळणं असतात. तेव्हा मोबाइलचं होकायंत्र काढा आणि बांधाचं तोंड कुठे आहे ते बघा. तोरणमाळच्या यशवंत तलावासारखं हजार मीटरहून उंचावरचं पाणी असेल तर सगळं वेळापत्रक दोन-तीन आठवडे पुढे ढकला.

शेपूट टाळायचं आणखी एक कारण आहे, आणि अनेकांचे रविवार याच कारणाने वाया जातात. अमेरिकेत वसंतात पाणी तापतं आणि बहुधा चढतंही, बर्फाचं, पावसाचं. आपल्याकडे पाणी तापतं आणि उतरतं. हरभरा, गहू, दादर ज्वारीला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटतं, काठावर मोटारी चालतात, ऊन वाढलं की वाफ होऊन जातं ते वेगळंच. उथळात आलेल्या माशाच्या पाठीवरचं पाणी कमी होऊ लागलं की तो मागे खोलाकडे सरतो. ऊब त्याला काठाकडे बोलावते, उतरतं पाणी त्याला हाकलतं. आपली मासेमारी या ओढाताणीतच करायची असते. म्हणून पोचल्यावर पहिलं काम: पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. दुपारपर्यंत पाणी काडीपासून चार बोटं मागे सरलं तर पंप जोरात आहेत, उथळाचा नाद सोडा, बांधाच्या खोल कडेला जा. पाणी काडीलाच असेल तर उथळातही मासा टिकेल. आवर्तन कधी सुटणार हे गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला पाठ असतं. पाणी सुटून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी तळं थाऱ्यावर येतं, तेव्हा जा. फेब्रुवारी-मार्चमधल्या अवकाळीचंही तसंच. गारा पडून गेल्यावर दोन-तीन दिवस घरीच बसलेलं बरं.

सामग्रीबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्ही ती घेतलेलीच आहे. झाडोऱ्यात बेडूक ओढायचा तर तीस-चाळीस पौंडांची विणीची (ब्रेडेड) दोरीच हवी. साधा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बेशरमाच्या काड्यांत किंवा बुडालेल्या बाभळीत घासून तुटतो. फेब्रुवारीत बेडूक व्हिडिओतल्यासारखा टणाटण नाचवू नका. वर्तुळ दिसलं त्याच्या दोन-तीन हात पलीकडे टाका, लाटा विरेपर्यंत थांबा, वीतभर ओढा, पुन्हा थांबा. गार पाण्यातली मरळ पाठलाग करत नाही, सोपं असेल तरच उचलते. घपकन आवाज आला की लगेच झटका मारायचा नाही. मनात “एक, दोन” म्हणा, दोरी ताणली जाऊ द्या, मग मारा. माझ्या पहिल्या दहा मरळी मी घाईत गमावल्या. त्यांचं तोंड हाडाचं असतं, तेव्हा गळाचं टोक नखावर घासून बघा. नखावरून घसरलं तर कानस लावा. वर काहीच उचलत नसेल तर वजन न लावता रबरी गांडूळ दगडांच्या कडेने सोडा आणि त्याला आपल्या आपण बुडू द्या. पाणी गढूळ असेल तर काळा रंग, नितळ असेल तर हिरवट-तपकिरी. याहून जास्त रंगांचा विचार मी करत नाही.

जिवंत बेडूक लावणारे अजून दिसतात. ते करू नका. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याच्या धंद्यात शिवारातले बेडूक इतके संपले की १९८७ मध्ये सरकारला ती निर्यात बंद करावी लागली. रबरी बेडूक तुमच्या खिशात आहे, तो कशासाठी घेतलाय?

एक गंमत. मार्चच्या सुमारास उथळ, नितळ पाण्यात तळाशी ताटलीएवढे गोल, स्वच्छ खळगे ओळीने दिसतील. व्हिडिओत बासची घरटी अगदी अशीच दिसतात, त्यामुळे एका मुलाने मला फोटो पाठवून “काका, आपल्याकडे बास आला” असं कळवलं होतं. ती चिलापीची घरटी. चिलापी आपल्या देशात १९५२ मध्ये आणली आणि आता डबक्या-डबक्यांत आहे. नर खळगा करून राखतो, मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते. पाणी बावीसच्या पुढे गेलं की हे सुरू होतं, म्हणजे मोसम उघडल्याची ही सगळ्यात भरवशाची खूण. थर्मामीटर नसला तरी चालेल. आणि जिथे चिलापीची बोटभर पिल्लं, तिथे जवळपास मरळ असतेच. खळग्यांच्या ओळीकडून खोल पाण्याकडे जाणारी बाजू शोधा, मरळ तिथे तोंड वर करून बसलेली असते.

मरळ नाहीच लागली तर रिकाम्या हाताने परतायला नको. बारीक गळ, पाव मिलिमीटरचा तंगूस, पिसाचं बूच आणि गांडूळ, एवढ्यावर चिलापी दिवसभर खेळवते. रोहू-मृगळीला भाजलेल्या शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून गोळी लावा. मृगळ तळाला चरते, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या. तेव्हा बुचाची उंची त्याप्रमाणे. चारा मात्र मूठभरच टाका. उन्हाळ्यात टोपलंभर टाकणारे लोक फेब्रुवारीतही तेवढाच टाकतात. गार पाण्यातला मासा थोड्यात पोट भरतो आणि तुमच्या गळाकडे पाठ फिरवतो. वर उरलेली पेंड तळाशी सडते. शिंगाळा लागला तर छातीजवळच्या काट्यांपासून हात जपा. करवतीसारखे असतात, जखम दोन दिवस ठणकते.

परवानगीचं आधी बोलायला हवं होतं. पाझर तलाव आणि गावतळी बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेला किंवा ठेकेदाराला दिलेली असतात. बीज त्यांनी सोडलेलं असतं, तेव्हा मासा त्यांचा. मी एकदा शेजारच्या तालुक्यात न विचारता बसलो आणि दोन किलोची मरळ काढून मिरवतच निघालो. बांधावर ठेकेदाराचा माणूस उभा. मासा गेला, वर चार लोकांसमोर जे ऐकावं लागलं ते वेगळं. आता आधी जातो, चहा पितो, विचारतो. दहापैकी सात-आठ वेळा माणूस स्वतः येऊन जागा दाखवतो. मरळ चिलापीची पिल्लं आणि तलावात सोडलेली बोटुकलीही, म्हणजे बोटभर मासे, खाते, म्हणून ती काढली तर कित्येकांना बरंच वाटतं. पिण्याच्या पाण्याच्या तलावांवर तर पाटी वाचल्याशिवाय पायच ठेवू नये. हतनूरसारख्या मोठ्या जलाशयावर हिवाळी पाहुणे पक्षी मार्चपर्यंत असतात, त्यांच्या थव्यात गळ फेकत बसण्यात काही अर्थ नाही.

दोन धोके व्हिडिओत कोणी सांगणार नाही. एक, तुमचा रॉड कार्बनचा आहे, म्हणजे वीजवाहक. आपल्या तळ्यांवर मोटारींच्या तारा खाली लोंबकळत असतात, कधी केबल ओल्या काठावर उघडी पडलेली असते. फेकण्याआधी वर बघा आणि पायाखालीही बघा. दोन, उतरलेल्या पाण्याचा गाळ. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत जातो. जिथे गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळावर पेरणी, केलेली दिसते तिथली जमीन पाय धरते, त्याच्या पुढे जाऊ नका. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर तर एकट्याने कधीच नाही. त्या उतारावरून पाय घसरला की चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. कडेला गाठी मारलेला दोर बांधून खाली सोडलेला असेल तरच बसा.

जूननंतर कधी पाण्यावर केशरी-लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसेल. त्याच्या खाली आई-बाप असतात आणि पिल्लांवरून जाणाऱ्या कुठल्याही वस्तूवर तुटून पडतात. तेव्हा लागलेली मरळ ही काही मासेमारी नव्हे, आणि ती जोडी काढली की तो गोळा संध्याकाळपर्यंत चिलापीच्या पोटात जातो. तेवढे दिवस गळ गुंडाळून ठेवा.

तुम्ही पुढच्या वेळी महाशिवरात्रीनंतरचा रविवार धरा. आदल्या संध्याकाळी आवर्तनाची चौकशी करा. सकाळी घरी भाकरी खाऊन आरामात निघा, साडेअकराला बांधावर पोचा, काडी रोवा आणि उताराच्या वरच बसा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. दगड तापले की पहिलं वर्तुळ कुठे उठतं ते बघा. गळ त्यानंतर.